निवारा केंद्राचे अडलेले बिल: महापालिका, सेवाभावी संस्था आणि मधली समन्वय संस्था

महाराष्ट्रातल्या एका 'ड' वर्ग (सर्वांत लहान गटातल्या) महापालिकेच्या बेघर निवारा केंद्राचे हे प्रकरण आहे. शहर, संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे काढली आहेत, रकमा गोल केल्या आहेत आणि मिळत्याजुळत्या दोन ठिकाणचे काही तपशील एकत्र आणले आहेत. नियम, कागदपत्रे आणि बिलाचा मार्ग मात्र जसा असतो तसाच ठेवला आहे. स्थानिक स्वराज्य संस्था आणि सेवाभावी संस्था यांच्यातली भागीदारी करारावर सही करताना क्वचितच मोडते. ती मोडते पहिले बिल लेखा विभागात पोहोचते तेव्हा. त्यामुळे इथे बिलावरच सर्वाधिक लिहिले आहे.

पार्श्वभूमी

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून अधिक बेघर माणसे नोंदली गेली. त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. पुढे 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा स्वतंत्र घटक आला. त्याचे निकष स्पष्ट होते. एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय हवी होती, माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा हवी होती आणि केंद्र चोवीस तास, बारा महिने उघडे हवे होते. पन्नास जणांच्या केंद्राच्या देखभालीसाठी वर्षाला सहा लाख रुपये धरलेले होते. केंद्र महापालिकेने स्वतः चालवावे किंवा संस्थेकडे सोपवावे, दोन्ही मुभा होत्या. अनेक शहरांत निवारे कागदावरच राहिल्यामुळे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली पाहणी समिती नेमली. त्यानंतर महापालिकांवर केंद्रे उघडण्याचा दबाव वाढला.

या शहरातले केंद्र उघडले तेही त्या दबावाखालीच. बंद पडलेल्या मनपा शाळेची एकमजली इमारत निवडली. बांधकाम विभागाने शौचालये, स्लॅबचे वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग करून दिले. चाळीस खाटा पुरुषांच्या दोन दालनांत आणि दहा खाटा महिलांच्या खोलीत, अशा एकूण पन्नास. इच्छुक संस्थांकडून स्वारस्य अभिव्यक्ती मागवली तेव्हा दोनच अर्ज आले. त्यांतून बस स्थानकावरच्या मुलांसाठी आधीपासून काम करणारी एक छोटी नोंदणीकृत संस्था निवडली गेली. तिला पुढे 'चालक संस्था' म्हटले आहे.

तिसरी संस्था होती जिल्ह्यातल्या सेवाभावी संस्थांना कायदा, हिशेब आणि सरकारी कामकाजात मदत करणारी. ती स्वतः केंद्रे चालवत नाही. छोट्या संस्थांचे लेखे नीट लावून देणे, करारांचे मसुदे तपासणे, अधिकारी आणि संस्था यांना एका टेबलावर बसवणे हे तिचे काम. तिला इथे 'समन्वय संस्था' म्हणू.

करार कसा झाला

कार्यादेश एप्रिलमध्ये निघाला. करारनामा साडेचार पानांचा होता आणि त्याचा मोठा भाग जुन्या साफसफाईच्या ठेक्यातून उचललेला. त्यात दंडाची कलमे अकरा होती. पैसे कधी आणि कसे द्यायचे याचे कलम एकच: 'त्रैमासिक देयक सादर केल्यानंतर निवासी संख्येच्या अधीन राहून प्रतिपूर्ती करण्यात येईल.'

सगळा तंटा पुढे या एका वाक्यातून निघाला. प्रतिपूर्ती म्हणजे आधी संस्थेने खर्च करायचा आणि मग मागायचा. किती दिवसांत मिळेल हे लिहिलेले नाही. 'निवासी संख्येच्या अधीन' म्हणजे नेमके काय, मोजणी कधी आणि कोणी करायची, हेही लिहिलेले नाही.

चालक संस्थेने महिन्याच्या पन्नास हजारांचा हिशेब असा मांडला होता: तीन काळजीवाहक प्रत्येकी 10,500 प्रमाणे 31,500, व्यवस्थापक 12,500, म्हणजे मानधन 44,000. उरलेल्या 6,000 मध्ये फिनेल, साबण, चादरींची धुलाई, सकाळचा चहा आणि प्रथमोपचार. वीज आणि पाणी महापालिकेचे.

कागदावर हा हिशेब बसतो, प्रत्यक्षात बसत नाही. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. तीन माणसे आठवड्याची सुट्टी घेऊन अठरा पाळ्या करतात. उरलेल्या तीन पाळ्या कोणाच्या? इथे त्या व्यवस्थापकाच्या अंगावर पडल्या, म्हणजे दिवसभर कागदपत्रे सांभाळणारा माणूस आठवड्यातून तीनदा जादा पाळीला बसू लागला. नोंदवहीत पुढे ज्या चुका सापडल्या त्यांतल्या बऱ्याच या जादा पाळ्यांतल्या होत्या. शिवाय हे मानधन चोवीस तासांच्या कामाच्या मानाने तुटपुंजेच होते आणि किमान वेतनाच्या दराशी त्याचा मेळ घालण्याचा प्रश्न सगळ्यांनीच बाजूला ठेवला.

महिलांची खोली उघडलीच नाही. तिथे महिला काळजीवाहक हव्यात, त्यांच्याही एकवीस पाळ्या, आणि त्यासाठी पैसा नव्हता. तरीही करारात केंद्राची क्षमता पन्नास अशीच राहिली.

अडचण

पहिल्या तिमाहीचे दीड लाखाचे बिल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल झाले. ऑगस्टमध्ये ते 'त्रुटी पूर्तता करून सादर करावे' असा शेरा मारून परत आले. कोणत्या त्रुटी, हे शेऱ्यात नव्हते. व्यवस्थापक विचारायला गेल्यावर लिपिकाने पोलीस पडताळणीच्या प्रती मागितल्या. त्या दिल्या. सप्टेंबरमध्ये बिल पुन्हा परत आले, या वेळी निवारा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त नाही म्हणून. समितीची सभा एकदाही झाली नव्हती, कारण समितीत महापालिकेचे अधिकारी नावानिशी नेमले होते आणि त्यांतल्या दोघांची बदली झाली होती.

ऑक्टोबरमध्ये दुसरे बिल गेले. त्याच महिन्यात हा विषय पाहणारे उपायुक्त बदलले. नोव्हेंबरमध्ये लेखापरीक्षण विभागाने मोठा आक्षेप काढला. नोंदवहीप्रमाणे रात्री नऊच्या मोजणीत सरासरी सत्तावीस माणसे आहेत, क्षमता पन्नास आहे, म्हणून देय रक्कम त्या प्रमाणात, म्हणजे महिन्याला 27,000. एवढ्यात मानधनही भागत नव्हते. दुसरा आक्षेप अंगठ्यांचा होता. काही रात्रींना सात-आठ नावांपुढे एकाच हाताचे अक्षर होते आणि अंगठे एकसारखे दिसत होते.

चालक संस्थेने पहिले सहा महिने देणग्यांतून निभावले. ऑक्टोबरपासून मानधन थांबले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने आयुक्तांना पत्र दिले: 31 डिसेंबरपर्यंत पैसे न मिळाल्यास 1 जानेवारीला किल्ल्या विभागात जमा करू. त्या वेळी केंद्रात चाळीसच्या आसपास माणसे राहत होती आणि थंडी पडली होती.

पैसा खरोखर कुठे अडला होता

पत्रानंतर समन्वय संस्थेला बोलावले गेले. तिने आधी कोणाचीही बाजू मांडली नाही. पहिले चार दिवस फक्त फाइलचा माग काढला. दोन्ही बिलांच्या नस्त्या (फायली) कोणत्या टेबलावर कधी आल्या आणि कधी निघाल्या, हे आवक-जावक नोंदवहीतून तारखेनिशी उतरवले: समुदाय संघटक, शहर अभियान व्यवस्थापक, प्रकल्प अधिकारी, उपायुक्त, लेखा विभागाचा लिपिक, लेखाधिकारी, लेखापरीक्षण, पुन्हा उपायुक्त, आयुक्त, आणि शेवटी धनादेश. एका पानाच्या या तक्त्याने जे दाखवले ते दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हते.

नस्ती सर्वांत जास्त काळ लेखा विभागात पडून होती, आणि तिथे अडण्याचे कारण निवासी संख्या नव्हतेच. अभियानाच्या स्वतंत्र बँक खात्यात चार लाखांच्या आसपास शिल्लक होती, पण ती इमारत दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराच्या अंतिम बिलासाठी राखून ठेवली होती. स्लॅब पहिल्याच पावसात गळला, बांधकाम विभागाने अंतिम मोजमाप रोखले, त्यामुळे दुरुस्तीचे काम कागदावर अपूर्ण राहिले. काम अपूर्ण म्हणून आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) अपूर्ण, आणि ते अपूर्ण म्हणून राज्याकडून पुढचा हप्ता नाही. म्हणजे काळजीवाहकांचे मानधन गळक्या स्लॅबपाशी अडले होते. चालक संस्था रोज समाज विकास विभागात खेटे घालत होती आणि गाठ सुटणार होती बांधकाम विभागात.

लेखा विभागातल्या ज्येष्ठ लिपिकाने हे एका वाक्यात सांगितले: "मॅडम, तुमच्या बिलात चूक नाही असं नाही, पण चूक नसती तरी मी ते कुठल्या हेडला टाकणार होतो?" हेड म्हणजे लेखाशीर्ष, अर्थसंकल्पात खर्च ज्याखाली टाकतात ते शीर्षक. हे तो ऑगस्टमध्येही सांगू शकला असता. त्याला कोणी विचारले नव्हते आणि परतीच्या शेऱ्यात असे लिहिण्याची पद्धत नाही. निधी नाही असे लिहिण्यापेक्षा त्रुटी आहे असे लिहिणे कोणत्याही कार्यालयात सोपे असते. संस्था मग त्या त्रुटीच्याच मागे धावत राहते.

समोरचे पर्याय

डिसेंबरच्या मध्यात समन्वय संस्थेने चालक संस्थेच्या विश्वस्तांसोबत आणि स्वतंत्रपणे उपायुक्तांसोबत बसून पाच वाटा तपासल्या.

किल्ल्या परत करणे ही पहिली. दबाव सर्वांत मोठा आला असता, पण त्याची किंमत निवाऱ्यातल्या माणसांनी चुकवली असती. त्यांतल्या सहा जणांचे आधार कार्ड केंद्राच्या पत्त्यावर होते आणि दोघांचे क्षयरोगाचे औषध केंद्रामार्फत चालू होते. केंद्र बंद झाले असते तर औषधात खंड पडला असता.

वृत्तपत्रांत जाणे किंवा न्यायालयात जाणे ही दुसरी. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश संस्थेच्या बाजूने होते, त्यामुळे कायदेशीर बाजू भक्कम होती. परंतु याचिकेला महिने लागतात आणि त्या काळात तेच अधिकारी तेच बिल पाहणार असतात. ही वाट बंद न करता मागे ठेवायचे ठरले. ते योग्यच झाले. शेवटचा उपाय आधी वापरला की हातात काही उरत नाही.

महापालिकेने केंद्र स्वतः चालवणे ही तिसरी. उपायुक्तांनी आस्थापना विभागाला विचारले. तीन पाळ्यांना माणसे देणे शक्य नाही, असे उत्तर दोन दिवसांत लेखी आले.

चौथी वाट महापालिकेनेच सुचवली आणि ती सर्वांत मोहाची होती. करार समन्वय संस्थेच्या नावे करायचा, तिचे लेखे पक्के आहेत, चालक संस्था तिच्या हाताखाली काम करील. समन्वय संस्थेने नकार दिला. ठेका घेतला की ती एक पक्ष होते. मग पुढच्या बिलाच्या वेळी लेखाधिकारी तिला फाइलचा तक्ता करू देणार नाहीत आणि दुसऱ्या कोणत्याही छोट्या संस्थेचा तिच्यावर विश्वास राहणार नाही. मधल्या संस्थेची ताकद तिच्या हातात करारातला पैसा नसण्यात असते. हा नकार या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानावा लागेल. अशा वेळी होकार देणाऱ्या संस्था पाच वर्षांत ठेकेदार होऊन बसतात.

पाचवी वाट म्हणजे समन्वय संस्थेच्या फिरत्या निधीतून उसनवार. यात जोखीम दुहेरी होती. पैसे परत न येण्याची, आणि पैसे मिळतात असे दिसल्यावर महापालिका निवांत होण्याची. दुसरी जोखीम अधिक खरी. म्हणून तीन अटी घातल्या गेल्या. रक्कम फक्त मानधनाची, म्हणजे एका तिमाहीचे 1,32,000. ती चालक संस्थेच्या खात्यातून काळजीवाहकांच्या बँक खात्यांत थेट जाईल. आणि उपायुक्तांनी आधी लेखी द्यायचे की पहिले बिल 28 फेब्रुवारीपर्यंत निकाली निघेल. या पत्राला कायद्याने फारसे बळ नाही. तरी तारीख आणि सही असलेले पत्र नस्तीत लागले की पुढच्या टेबलावरच्या माणसाला त्याकडे डोळेझाक करणे अवघड जाते.

शेवटी पाचवी वाट मर्यादित प्रमाणात घ्यायची आणि तिच्या आधाराने मिळालेल्या दोन महिन्यांत करार दुरुस्त करायचा, असे ठरले. किल्ल्यांचे पत्र स्थगित केले, मागे घेतले नाही.

केलेली कामे

संख्येचा वाद आधी सोडवायचा होता. त्यासाठी संयुक्त रात्र-तपासणी ठरली: लेखापरीक्षण विभागाचा एक माणूस, समाज विकास विभागाचा एक, चालक संस्थेचा एक, आणि नोंद घेणारा समन्वय संस्थेचा. ओळीने तीन रात्री, प्रत्येक रात्री तीन मोजण्या: नऊ वाजता, एक वाजता आणि पहाटे पाच वाजता.

पहिल्या रात्री नऊ वाजता सव्वीस माणसे होती. लेखापरीक्षकाने आकडा लिहून घेतला. साडेबारानंतर दारावर थाप पडू लागली. आधी हॉटेलात भांडी घासणारे दोघे आले. मग लग्नाच्या हॉलमधून केटरिंगचे पाच वाढपी आले, पांढऱ्या शर्टांच्या बाह्यांवर रस्सा सांडलेला, हातात उरलेल्या पुऱ्यांची पिशवी. रात्रपाळीचा काळजीवाहक एका हाताने दार लावत, दुसऱ्याने नोंदवही उघडत होता. झोपेला आलेली माणसे त्याच्यासमोर रांगेत थांबायला तयार नव्हती. त्याने नावे स्वतः लिहिली आणि 'सकाळी अंगठा द्या' म्हणून सोडून दिले. सकाळी सहाला भाजी बाजारात हमालीला जाणारे पाच वाजताच निघून गेले. अंगठ्यांच्या आक्षेपाचे मूळ तिथे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उलगडले. पहाटे पाचला छत्तीस खाटा भरलेल्या होत्या. उरलेल्या दोन रात्रीही आकडा पस्तीस ते सदतीसच्या दरम्यान राहिला.

लेखापरीक्षकाने आपला आक्षेप मागे घेतला नाही. त्याने तो दुरुस्त केला, आणि ते जास्त उपयोगी ठरले. मोजणी पहाटे पाचची धरावी आणि क्षमता प्रत्यक्ष उघडलेल्या खाटांची, म्हणजे चाळीस धरावी, असे त्याने स्वतःच टिप्पणीत लिहिले. सत्तावीस भागिले पन्नास याऐवजी छत्तीस भागिले चाळीस. तीच माणसे, तेच केंद्र, पण चोपन्न टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर. हे समन्वय संस्थेने पत्रात लिहिले असते तर तो युक्तिवाद ठरला असता. लेखापरीक्षकाच्या अक्षरात आले म्हणून ते पुढे टिकले.

जानेवारीत पूरक करारनामा झाला. महापालिकेवर तेव्हा प्रशासक होते. स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच असल्याने मंजुरी एका सहीत मिळाली. त्यात पुढील बदल झाले.

- रकमेचे दोन भाग केले. मानधनाचे 44,000 स्थिर, माणसे कमी असली तरी पूर्ण देय. उरलेले 6,000 पहाटेच्या सरासरी संख्येच्या प्रमाणात. नव्वद टक्के भरले तर 5,400, म्हणजे महिन्याला 49,400 आणि तिमाहीला 1,48,200.
- बिल तिमाही संपल्यावर दहा तारखेपर्यंत दाखल करायचे. सर्व त्रुटी सात कामकाजाच्या दिवसांत एकाच यादीत कळवायच्या. त्यानंतर नवी त्रुटी काढता येईल, पण तिच्यासाठी स्थिर भाग अडवता येणार नाही.
- समितीवरचे अधिकारी पदनामाने नेमले, प्रत्येकाला पर्यायी अधिकारी दिला. सभा दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, केंद्रातच.
- नोंदवहीचे रकाने बदलले: येण्याची वेळ, जाण्याची वेळ, नोंद कोणी केली, आणि 'नाव सांगितले नाही' असा स्वतंत्र रकाना. मध्यरात्रीनंतरच्या नोंदीला अंगठ्याची सक्ती काढून काळजीवाहकाची सही आणि पहाटेची मोजणी पुरेशी धरली.
- रस्त्यावर भटकणारी मानसिक आजारी व्यक्ती दारात आली तर काय करायचे, हे लिहिले. पोलिसांना कळवायचे, कारण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 प्रमाणे अशा व्यक्तीला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेण्याची जबाबदारी त्यांची आहे. तोवर केंद्राने आसरा द्यायचा. त्याआधी दर वेळी व्यवस्थापकच रिक्षा करून त्यांना घेऊन जात होता.

निधीची गाठ वेगळी सोडवावी लागली. स्लॅबचे प्रकरण लवकर मिटणार नव्हते. म्हणून मागील दोन बिले महापालिका निधीतून, अभियानाचा हप्ता आल्यावर समायोजनाच्या अधीन राहून, द्यावीत असा प्रस्ताव लेखाधिकाऱ्यांनीच मांडला. लेखाधिकाऱ्याला वाट माहीत असते. ती वापरायला वरिष्ठांचा लेखी आदेश हवा असतो. समन्वय संस्थेने त्या आदेशाचा मसुदा उपायुक्तांच्या टेबलावर तयार ठेवला आणि आयुक्तांच्या साप्ताहिक आढाव्यात विषय घालून घेतला. समन्वय संस्थेच्या कामाचा मोठा भाग हाच होता: मसुदा तयार ठेवणे, तारीख लक्षात ठेवणे, आणि प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी दोन परिच्छेदांचे इतिवृत्त पाठवणे.

परिणाम

पहिली दोन बिले 28 फेब्रुवारीची तारीख ओलांडून मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघाली. तीन लाखांपैकी 2,71,000 मंजूर झाले. नामंजूर 29,000 मध्ये 18,000 ची औषधे आणि मलमपट्टी होती. ती रोखीने घेतलेली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. उरलेले 11,000 रिक्षाभाडे. दोन्ही खर्च खरे होते आणि ते ज्यांच्यासाठी केले त्यांना गरजेचेही होते. तरीही करारात त्यांची जागा नव्हती आणि ते संस्थेला सोसावे लागले. फिरत्या निधीचे 1,32,000 परत गेल्यावर संस्थेच्या हाती 1,39,000 उरले. त्यातून आधी देणग्यांतून केलेला खर्च भरून निघाला नाही.

तिसरे बिल नव्या पद्धतीने दाखल झाले आणि 1,48,200 ची पूर्ण रक्कम मार्चअखेर जमा झाली. पुढच्या अर्थसंकल्पात निवारा केंद्रासाठी महापालिकेचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडले गेले. रक्कम छोटी आहे, पण 'कुठल्या हेडला टाकू' हा प्रश्न आता उरलेला नाही.

तोटेही लिहायला हवेत. रात्रपाळीचा सर्वांत अनुभवी काळजीवाहक डिसेंबरमध्येच नोकरी सोडून गेला. त्याला केंद्रातली निम्मी माणसे नावाने ओळखत होती, आणि त्याच्या जागी आलेल्याला ती ओळख बसायला उन्हाळा उजाडला. समितीच्या सभा पहिले चार महिने नेमाने झाल्या, नंतर दोन चुकल्या. सुट्टीच्या तीन पाळ्यांचा प्रश्न अर्धाच सुटला. एक बदली माणूस दिवसाच्या दराने येतो आणि त्याचे पैसे संस्था स्वतःकडून देते.

वेगळे काय करता आले असते

करारावर सही करण्याआधी चालक संस्थेने एकच प्रश्न लेखा विभागात जाऊन विचारायला हवा होता: हा पैसा कोणत्या खात्यातून, कोणत्या लेखाशीर्षातून येणार आणि त्यात आज किती शिल्लक आहे? उत्तर लेखी मिळाले नसते, तरी तोंडी मिळाले असते. एप्रिलमध्येच दुरुस्तीचे बिल प्रलंबित असल्याचे कळले असते.

दुसरे, पहिल्या महिन्याच्या शेवटी एका महिन्याचे नमुना बिल सर्व जोडपत्रांसह तयार करून लेखापरीक्षण विभागाला अनौपचारिकपणे दाखवायला हवे होते. मागणी नाही, फक्त 'हे असे चालेल का' एवढेच. पडताळणी, इतिवृत्त, अंगठे, रोखीची व्हाउचरे या चारही गोष्टी मेमध्येच समोर आल्या असत्या, आणि 18,000 ची औषधे मनपा दवाखान्याच्या चिठ्ठीवर मोफत मिळाली असती. छोट्या संस्था हे करत नाहीत, कारण बिल तपासून घेणे म्हणजे आपल्यावर अविश्वास ओढवून घेणे असे त्यांना वाटते. लेखापरीक्षण विभागाचा अनुभव याच्या उलट असतो. आधी येऊन विचारणाऱ्या संस्थेचे बिल तिथे लवकर सुटते.

महापालिकेच्या बाजूने सर्वांत स्वस्त सुधारणा होती बदलीच्या वेळची. उपायुक्त गेले तेव्हा चालू करारांची एक पानी यादी, प्रत्येकापुढे प्रलंबित रक्कम आणि पुढची तारीख, एवढे जरी नव्या अधिकाऱ्याच्या हाती पडले असते तरी दोन महिने वाचले असते. आता समन्वय संस्था अशी यादी दर तिमाहीला बनवते आणि विभागाला देते. खरे तर ती विभागानेच ठेवायला हवी, कारण समन्वय संस्थेतले माणूसही बदलू शकते.

समन्वय संस्था उशिरा आली, हेही नोंदवायला हवे. बिल परत येत असल्याचे तिला सप्टेंबरमध्ये कळले होते. बोलावल्याशिवाय जायचे नाही या शिरस्त्यामुळे ती डिसेंबरपर्यंत थांबली. तटस्थता राखायची म्हणून गप्प बसणे आणि दोघांनाही एकाच वेळी पत्र पाठवून 'बैठक घेऊ का' विचारणे यांत फरक आहे. दुसऱ्याने तटस्थता ढळत नाही. आता तिचा नियम असा आहे की कोणतेही बिल दुसऱ्यांदा परत आले की दोन्ही बाजूंना एकच पत्र जाते.

आणि महिलांची खोली. क्षमतेचा आकडा पन्नासवरून चाळीस केल्याने बिलाचा वाद सुटला, पण त्याच टिप्पणीमुळे त्या दहा खाटा नसल्यासारख्या झाल्या. रात्र-तपासणीच्या काळात बस स्थानकाच्या फलाटावर बायका झोपत होत्या, हे तपासणी पथकातल्या सगळ्यांनी येता-जाता पाहिले. ते अहवालात आले नाही, कारण तो अहवाल बिलाचा होता. पूरक करारातच 'सहा महिन्यांत महिला खोली सुरू करण्याचा प्रस्ताव' असे कलम घालता आले असते. प्रशासकांची सही तेव्हा मिळाली असती. त्यासाठी लागणारे गणित अवघड नाही. एकवीस पाळ्यांना आठवड्याच्या सुट्टीसह साडेतीन माणसे लागतात, सध्याच्याच दराने महिन्याला 36,750 रुपये, आणि दाराला आतून कडी, स्वतंत्र शौचालय, समोर दिवा. हा प्रस्ताव आता तयार झाला आहे आणि त्यात साडेतीन हा आकडा पहिल्या ओळीत आहे, तीन नाही. नस्ती नव्या लेखाशीर्षात तरतूद वाढवण्यासाठी लेखा विभागात आहे, आणि ती तिथे कोणत्या तारखेला पोहोचली याची नोंद तिन्ही संस्थांकडे आहे.